बोअरचा नळ

नदीकाठच्या आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात एक बाई बोअरचं पाणी तपासायला आल्या. शेजारच्या मोकळ्या जागेत पूर्वी रसायनांची पिंपं असायची. तिथली माती खराब निघाली, म्हणून आता आमचं पाणी. कॉर्पोरेशनचं पुरत नाही, त्यामुळे बोअरचंच आम्ही प्यायचो.

बाई तिशीच्या असतील. दर बाटलीला नवे हातमोजे घालायच्या, झाकण दोनदा आवळून बघायच्या आणि बाटली बर्फाच्या पेटीत ठेवायच्या. बोलणं जवळजवळ नाहीच.

मी मागेच लागलो. "अहो, अंदाज तरी सांगा."

"अंदाज आम्ही देत नाही, काका. रिपोर्ट येऊ द्या."

"आणि तोवर काय, तहान आवरायची?"

त्यांनी पुढच्या बाटलीचं झाकण आवळलं.

तेवढ्यात शाळेतून आलेल्या माझ्या मुलीने नळाखाली बाटली धरली. बाईंनी झटकन पुढे होऊन नळ बंद केला. मग स्वतःच दचकल्या. पिशवीतली आपली पाण्याची बाटली काढून त्यांनी तिला दिली.

"आज हे पी, बाळा."

माझ्याकडे न बघता त्यांनी पेटी उचलली.

रिपोर्ट अजून यायचाय. आकडा बघितल्याशिवाय मी काही मानत नाही. तो नळ मात्र आम्ही त्यानंतर उघडलेला नाही.