काकांना कधीच काही होत नाही

आमच्या वाडीतल्या बोटवाल्या काकांइतका निरोगी माणूस उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही. निदान माझ्या फॉर्मात तरी नाही. मी वाडीची आशाताई, आरोग्य केंद्राची. दरवर्षी मोबाईल घेऊन घरोघर दुखणीबाणी विचारत फिरते, आणि माणूस सांगेल तेच भरायचं असा आम्हाला नियम. ह्या नियमापायी काकांनी माझा जीव नकोसा केलाय. "बीपी?" "नाय." "मग खिडकीतल्या ह्या गोळ्या कुणाच्या?" "तुझ्या काकूच्या." लगेच आतून काकू कडाडतात, "माझ्या कशाला? मला मेलीला सर्दीसुद्धा होत नाही!" "बरं, विडी?" "सोडली." "कधी?" "तू फाटकातून आत आलीस तेव्हा." आणि हे सांगताना धूर अजून नाकातून निघत असतो! रोज किती चालता विचारलं तर म्हणे चार मैल. अहो, माजघरातून पडवीत येईपर्यंत हा माणूस दोनदा खांब धरतो, आणि वर मलाच विचारतो, "दमलीस काय गो? बस, पाणी पी."

काका उमेदीची सगळी वर्षं मालवाहू बोटींवर होते. प्रत्येक खेपेआधी मेडिकल. दाभोळच्या त्यांच्या एका जोडीदाराने तिथे खरं सांगितलं, गुडघा दुखतो म्हणून, तर त्याला पुन्हा बोट मिळालीच नाही. तेव्हापासून काकांनी जे 'फिट' धरलं ते आजतागायत. मी कपाळ बडवून सांगायची, "काका, 'हो' म्हटलंत तरच तपासणीच्या यादीत नाव चढतं. तालुक्याला नेऊन छाती तपासतील, फुकट!" तर म्हणायचे, "फिट माणसाची कशाला तपासतात?" झालं! पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या महिन्यात पुन्हा गेले. काका आरामखुर्चीत बसले होते, काकू दारात गप्प उभ्या. "छातीत दुखतं?" माझा अंगठा सवयीने आधीच 'नाही'वर टेकला होता.

"दुखतं," काका म्हणाले.

"दम लागतो?"

"लागतो. न्हाणीत जायचं तरी मध्ये बसतो."

एकामागून एक सगळी 'हो'. इतकी वर्षं ह्यासाठीच तर डोकं फोडत होते. पण मला आनंद कुठला, असा संताप आला! म्हटलं, "काका, एवढं खरं बोलायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

"आता कुठली बोट धरायची हाय?" काका म्हणाले. "लिही गो."

यादीत त्यांचं नाव पहिलं घातलं. आणि घरी पोचेस्तोवर देवाला विनवीत राहिले, म्हातारा ह्या वेळीही खोटंच बोललेला असू दे.