दुधी भोपळ्याला सांगून जाणे

गेल्या पावसाळ्यात माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बायको तिच्या शुश्रूषेला दीड महिन्यासाठी येवल्याला गेली. जाण्याआधी तिने मला आमचंच स्वयंपाकघर फिरवून दाखवलं. डबे कुठे, चाळणी कुठे, कुकरच्या किती शिट्ट्या. मग दाराशी पिशवी उचलत म्हणाली, "पोरीला जपा. आणि तिला हुकूम सोडू नका, ती तुमच्या कारखान्यात नाही."

पोरगी म्हणजे आमची नात. तेव्हा पावणेतीन वर्षांची. मुलगा अंबडच्या एका कंपनीत, तो आठला बाहेर पडायचा. सूनबाई घोटीला शाळेत शिकवते, ती नऊला. मग संध्याकाळी सहापर्यंत पंचवटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि नात, दोघंच.

मला काळजी वाटत नव्हती. ओझरच्या विमान कारखान्यात मी तेहतीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. लढाऊ विमानाच्या पंखातला सैल रिवेट मला बोटाने कळायचा. एक मूल ते काय. मी पट्टी घेऊन तक्ता आखला. नऊ दहा ते नऊ पंचवीस, शी. नऊ पंचवीस ते नऊ चाळीस, आंघोळ. दहा ते दहा वीस, मुक्त खेळ. तक्ता फ्रिजवर चिकटवला. सूनबाईने तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, "शीची वेळ तिला सांगितलीत का, बाबा?"

पहिल्या दिवशी मुक्त खेळाच्या वीस मिनिटांत नातीने रडत रडतच तक्ता ओढून काढला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. शी पावणेबाराला झाली.

पण खरी अडचण त्याच्या आधीची होती. सूनबाई निघायची वेळ झाली की आमच्याकडे एक जुनी युक्ती चालायची. बायकोची. पोरीला मागच्या गॅलरीत न्यायचं, कबुतरं दाखवायची, तेवढ्यात आईने चपला हातात घेऊन, दाराचा आवाज न करता सटकायचं. मीही तसंच केलं. पोरगी तीन कबुतरं बघायची, चौथ्याला तिला काहीतरी संशय यायचा, ती धावत पुढच्या खोलीत यायची आणि मग रडणं. चपलांच्या स्टँडजवळ बसून, आईची घरातली एक जुनी चप्पल पोटाशी धरून, दुपारपर्यंत. खेळणं नको, दूध नको, आबा तर मुळीच नको. मी उचलायला गेलो की ती त्याच चपलेने मला मारायची.

चौथ्या दिवशी खाली भाजीवाली आली. मखमलाबादकडच्या मळ्यातली भाजी आणते. मी रडक्या पोरीला कडेवर घेऊनच उतरलो. पोरीने हुंदका अर्धवट सोडला, टोपलीत हात घातला आणि एक दुधी भोपळा ओढून छातीशी धरला.

"बाळ," ती म्हणाली.

"लय गुणाचं हाय," भाजीवाली म्हणाली. "अजिबात रडत नाय."

दुधी घरात आला तो बाळ होऊनच. त्याला आंघोळ घालावी लागली, तीही कोमट पाण्याने. खोबरेल तेलाने मालिश. पावडर. काजळाची तीट मी लावली, कारण ती लावताना पोरीने आधी स्वतःच्या कोपरापर्यंत काजळ नेलं होतं. माझ्या जुन्या मफलरीत गुंडाळून बाळाला मांडीवर दिलं गेलं. माझ्या मांडीवर.

मग पोरगी म्हणाली, "आबा, बाळाला कबुतर दाखवा."

मी दुधीला गॅलरीत नेलं आणि कबुतर दाखवलं. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ कपडे वाळत घालत होते, त्यांनी ते पाहिलं आणि हातातली पँट तशीच धरून ठेवली. मागे वळलो तर पोरगी टाचा उचलून, माझे बूट हातात घेऊन, दाराकडे चालली होती. दाराशी पोचली, पडद्यामागे लपली. थोड्या वेळाने परत आली आणि दुधीकडे बघून मला म्हणाली, "ते रडतंय."

"बरं, मग?"

"तुम्ही रडा."

मी रडलो. तिला पटलं नाही, मोठ्याने रडायला लावलं. मग तिने दुधीला थोपटलं आणि म्हणाली, "आई हरवली नाही. आई शाळेत गेली." की लगेच, "परत."

हा खेळ त्या दिवशी आम्ही अकरा वेळा खेळलो. मी मोजलं, सवय आहे. अकराही वेळा बाळ रडलं ते एकाच जागी, आई न सांगता गेल्यावर. कारखान्यात एकच दोष एकाच जागी तीनदा आला तरी आम्ही काम थांबवून कारण शोधायचो. इथे अकरा वेळा आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला.

संध्याकाळी सूनबाई आल्यावर मी तिला म्हणालो, "उद्यापासून तू तिला सांगून जा."

तिचा चेहरा उतरला. "बाबा, ती गळ्यात पडून रडेल. माझी बस चुकेल. आणि मला ते बघवत नाही."

"ती तशीही रडते, बारा वाजेपर्यंत. तुला फक्त दिसत नाही."

हे मी जरा कडकच बोललो. सूनबाईने खांद्यावरची पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "दुपारी पोळी खाल्ली म्हणून सांगायचात ना मला रोज?"

"अर्धी पोळी मी खायचो," मी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी ती दाराशी उकिडवी बसली आणि पोरीला म्हणाली, "आई आता शाळेत जाते. तू झोपून उठलीस, गॅलरीत बसलीस, की आई येते." पोरगी रडली. ओढणी धरून, पाय आपटून रडली. सूनबाई जिन्यात जाऊन रडली. मी घड्याळ बघत होतो. चार मिनिटं. मग पोरीने नाक माझ्या शर्टाला पुसलं आणि म्हणाली, "बाळाची अंघोळ राहिली."

पुढच्या दोन-चार दिवसांत निरोपाचे नियम ठरले, आणि ते पोरीने ठरवले. आईने "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. पोरीच्या नाकाला नाक लावायचं. दुधीच्या देठाला नाक लावायचं. आणि आबाला टाळी द्यायची. लग्न होऊन पाच वर्षं झाली, सूनबाई माझ्याशी कायम अदबीने, मान जरा खाली घालून बोलत आलेली. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही ओशाळलो आणि बोटं जेमतेम लागली. "जोरात," पोरगी म्हणाली. आठवड्याभरात अशी टाळी बसू लागली की शेजारच्या काकूंनी काय चाललंय म्हणून दार उघडलं.

तक्ता पुन्हा आखला नाही. पोरीला घड्याळ कळत नव्हतं, पण दिवस नीट कळत होता. आई गेली की बाळाची आंघोळ. घंटागाडी वाजली की कचऱ्याची बादली घेऊन खाली. शेजारचा कुकर झाला की आमचा लावायचा. जेवलं की आडवं व्हायचं, उन्हं गॅलरीत आली की आईची वाट बघायची. यातलं एक जरी मागेपुढे झालं तर ती मला टोकायची, "आबा, अजून काकूंची शिट्टी नाही झाली." माझ्या खात्यात असे नेमके लोक फार कमी मिळाले.

रोजच्या तेलपाण्याने दहाव्या दिवशी दुधी मऊ पडला. अकराव्या दिवशी त्याला वास यायला लागला. मी पोरगी झोपलेली असताना भाजीवालीकडून तेवढाच, तसाच दुसरा दुधी आणला. लांबी टेपने मोजली. देठही तितकाच ठेवला, तीट लावली, मफलर गुंडाळली. जुना कचऱ्याच्या बादलीत टाकला आणि वरून कांद्याची सालं पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी जरा लवकर आली, तेव्हा पोरगी दूध पीत होती आणि बाळाची आंघोळ व्हायची होती. मी एकटाच घाईघाईने बादली रिकामी करून आलो.

पोरीने आंघोळीसाठी मफलर सोडली, बाळाच्या पोटावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे दुसरं आहे."

"अगं, तेच आहे."

"हे दुसरं आहे. माझं बाळ कुठे आहे?"

तेहतीस वर्षांत मी कुणाचा खोटा शिक्का चालू दिला नाही. आता मला पकडलं होतं. म्हणालो, "ते खराब झालं होतं. घंटागाडीत गेलं."

ती रडली नाही, ते जास्त वाईट होतं. तिने फक्त विचारलं, "न सांगता?"

मी तिला कडेवर घेतलं आणि धावलो. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी. गाडी आमच्या कॉलनीच्या शेवटच्या वळणावर होती. मी हात हलवत ओरडत होतो, पोरगी कडेवरून "थांबा, थांबा" म्हणत होती. गाडीमागे उभा असलेला मिशीवाला माणूस खाली उतरला.

"काय झालं, बाबा? काही चुकून टाकलं का?"

मला धाप लागली होती. पोरीने उत्तर दिलं, "बाळ."

तो पांढराफटक पडला. "बाळ?"

"दुधी," मी श्वास घेत म्हणालो. "दुधी भोपळा."

त्याने माझ्याकडे, मग चड्डीकडे बघितलं. ड्रायव्हरला हात करून गाडी बंद करायला लावली. मग त्याने फक्त एकच विचारलं, "ओल्यात टाकला होता का सुक्यात?"

"ओल्यात."

"मग सापडंल."

हातमोजा चढवून त्याने दोन मिनिटांत दुधी काढला. एका बाजूने बसलेला, कांद्याची सालं चिकटलेली, तीट मात्र शाबूत. त्याने तो दोन्ही हातांनी पोरीपुढे धरला. पोरीने वास घेतला आणि मान मागे घेतली. मी म्हणालो, "बघ, खराब झालाय. घरी न्यायचा का?"

तिने तिटेवरून एकदा बोट फिरवलं. मग देठाला नाक लावलं, माझ्याकडून टाळी घेतली, त्या माणसाकडूनही हातमोज्यासकट घेतली, आणि दुधीला म्हणाली, "येते हं." माणसाने दुधी हळूच आत ठेवला, फेकला नाही. गाडी गेल्यावर आम्ही दोघांनी साबणाने तीनदा हात धुतले.

दुसऱ्या दुधीची त्या दुपारी मी भाजी केली. मला ती करताना चोरट्यासारखं होत होतं. पोरीने दोनदा मागून घेतली.

बायको परत यायच्या आधल्या आठवड्यात मुलगा तापाने फणफणला आणि दुपारीच घरी आला. मी पोरीला झोपवत होतो. मला अंगाई येत नाही. म्हणून मी जे येतं ते चालीवर म्हणायचो: रिवेट बघितला, बोल्ट बघितला, वायसर आहे का, आहे आहे. पंख संपून शेपटाशी येईपर्यंत पोरगी झोपायची. मुलगा सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला आडवा झाला आणि ऐकत राहिला.

"मला पण हेच म्हणायचात?" त्याने विचारलं.

"नाही. तू झोपल्यावर मी यायचो. उठायच्या आधी जायचो."

"सांगून?"

मी पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. तो म्हणाला, "पुढे म्हणा. इंजिन राहिलंय."

मी इंजिन म्हणायला घेतलं. इंजिनाला भाग पुष्कळ असतात. पोरगी झोपलेलीच होती, मुलगा इंधनाच्या नळीपर्यंत टिकला. मग मी मधल्या जागेत, भिंतीला पाठ टेकून बसून राहिलो, आणि सहाला सूनबाईची बेल वाजली तेव्हा घरात आम्ही तिघंही घोरत होतो.