बंदूकमामांचा शब्द

बंदूकमामा पंचवीस वर्षं बँकेच्या दारात उभे होते. एवढ्या काळात त्यांच्या बंदुकीने एकच पराक्रम केला: आत शिरलेलं कबुतर हुसकावलं. तेही दस्त्याने. चोर म्हणून कुणी फिरकलाच नाही.

पण मामांचं खरं काम बंदुकीचं नव्हतंच. काचेचं दार ढकलायला बिचकणारी माणसं असतात. हातात पिशवी, पिशवीत पैसे, आणि चेहरा असा की जणू आपणच चोरी करायला आलोय. अशांना मामा आत घेऊन जात, स्लिप भरून देत, सही कुठे करायची ते बोटाने दाखवत आणि म्हणत, "मुदत ठेवीत टाका नि विसरा. मी आहे ना दारात."

विसरायचा हा सल्ला त्यांनी स्वतःही पाळला. निवृत्त झाले तेव्हा हाती आलेला पैसा त्याच बँकेत ठेवला. व्याजातून खोलीचं भाडं सुटायचं. भाडं सुटलं की मामा राजे.

मग व्याजदर उतरायला लागला. धाडकन उतरला असता तर लोकांनी आरडाओरडा केला असता. तो उतरला गुडघे दुखणारी म्हातारी जिना उतरते तसा, कठडा धरून, एकेक पायरी. दर पायरीला बँकेच्या काचेवर एक नवा कागद चिकटायचा आणि तिकडे भाजीपासून भाड्यापर्यंत सगळं दोन-दोन पायऱ्या वर चढायचं. मामी औषधाच्या दुकानासाठी कागदी पाकिटं चिकटवायला लागल्या. "वेळ जात नाही म्हणून," असं त्या सांगत. तिन्हीसांजेपर्यंत वेळ न जाणारी बाई मामांनी पहिल्यांदाच बघितली.

त्यात एक दिवस शिवणवाल्या काकू आल्या. बाह्या आखूड करून, चेनी बदलून बाईने एकटीने आयुष्य ओढलेलं.

"मामा, उंदीर झालाय हो."

"औषध घाला की."

"कुठे घालू? तुमच्या बँकेत झालाय. दर मुदतीला माझं व्याज कुरतडतोय." काकूंनी खुर्ची ओढली. "आणि एक सांगा, ठेवा म्हणून सांगितलं कुणी होतं?"

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकूंचा राग आला, बँकेचा आला, त्या कागदाचा आला. मुख्य म्हणजे उत्तर देता येईना याचा आला. चपला अडकवून ते तडक बँकेत गेले.

मॅनेजर वयाने लहान, बोलण्यात लोणी. "मामा, ओरडताय कशाला? काळ बदललाय. आता ज्याने त्याने आपल्या पैशाची जबाबदारी घ्यायची. पैसा बसवून ठेवला की सुस्तावतो. त्याला बाजारात पळवायला हवा."

"आणि पळून गेला तर?"

मॅनेजर हसला. "भाव वाढतायत, व्याज पुरत नाही, खरं की खोटं?"

खरं होतं. तोंडावर मारलेलं खरं खोट्यापेक्षा जास्त झोंबतं.

"मग असं करू," मॅनेजर म्हणाला, "नवी योजना आलीय, शेअर बाजाराशी जोडलेली. दाराशी तुमची खुर्ची टाकतो. जुनी माणसं तुमचा शब्द मानतात. तुम्ही नुसतं 'घ्या' म्हणायचं. महिन्याला मानधन देऊ, भाडं तरी निघेल."

"आणि बुडाले तर?"

"ज्याची त्याची जबाबदारी, मामा. खाली बारीक अक्षरात छापलेलंच असतं."

घरी येऊन मामांनी खोली डोक्यावर घेतली. "मला हे दलाल करणार! माझ्या तोंडाने लोकांना ढकलणार, आणि पडले की बारीक अक्षरं दाखवणार!"

"तिथे 'साहेब, साहेब' आणि घरात वाघ," मामी पाकीट दुमडत म्हणाल्या. "भाडं न्यायला येणारा तुमच्या बाणेदारपणाला नमस्कार करून परत जाणार आहे का?"

सोमवारी मामा जुना खाकी शर्ट घालून खुर्चीत जाऊन बसले. शेजारी टेबलामागे टायवाला एक पोरगा, नवा अधिकारी. आणि पहिलं गिऱ्हाईक कोण? शिवणवाल्या काकू.

"मामा बसलेत म्हणजे झालं," काकू म्हणाल्या. "बोला, सही कुठे करू?"

सवयीने मामांचं बोट कागदाकडे गेलं आणि हवेतच थांबलं.

"थांबा काकू. मला कळत नाही ह्यातलं."

"म्हणजे?"

"म्हणजे कळत नाही. ठेव ठेवा म्हणालो तेव्हाही कळत नव्हतं. दार मजबूत होतं, तेवढंच बघून बोललो." मग ते पोराकडे वळले. "बाळा, वाईटात वाईट ह्यांचे किती कमी होतील? आकडा सांग."

"तसं... दीर्घकाळात बघितलं तर..."

"काकूंच्या वयाकडे बघून बोल! तुझ्या आईने घेतलीय ही योजना?"

पोराने केबिनकडे चोरून पाहिलं. "आई ऐकत नाही माझं," तो पुटपुटला. "तिचे ठेवीतच आहेत."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मॅनेजर बाहेर आला. लोणी वितळलं होतं. "मामा, हे काय चाललंय?"

"जबाबदारी घेतोय साहेब!" मामांचा आवाज तिजोरीपर्यंत गेला. "तुम्हीच म्हणालात ना, ज्याने त्याने घ्यायची? व्याज तुम्ही कापायचं, योजना तुम्ही आणायची, आणि बुडाल्यावर जबाबदार कोण, तर ही बाह्या शिवणारी बाई! आणि मध्ये माझं तोंड! ते नाही मिळायचं भाड्याने."

आता काकूंनी तरी शाबासकी द्यावी? त्या उलट उसळल्या. "वा! इतकी वर्षं ह्या माणसाचं ऐकलं आणि आज म्हणतो कळत नाही! मग ठेवू कुठे? डोक्यावर?"

मॅनेजरने माहितीपत्रक पुढे केलं. काकूंनी पेन टेबलावर आपटलं, सही न करता पिशवी उचलली आणि जाताना मामांकडे बघितलंसुद्धा नाही. मामांनी खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि तेही निघाले.

घरी मामींनी चेहऱ्यावरूनच सगळं ओळखलं. मानधन विचारलं नाही. खळीची वाटी तेवढी त्यांच्याकडे सरकवली. मामा फतकल मारून बसले आणि दात-ओठ खात कागद दुमडू लागले. पहिली दोन पाकिटं फाटली, तिसरं तिरकं झालं.

"राग बँकेवर काढा," मामी म्हणाल्या, "कागदावर नको. त्यात कुणाचं तरी औषध जायचंय. नीट चिकटवा."