नंबराला ठेवलेला दगड

तर्कक्षमतेच्या पेपरात प्रश्नांची एक जात असते, तिच्यावर मी जीव टाकायचे. एक छोटा उतारा असतो, त्यात कुणीतरी कसलातरी निवाडा केलेला. खाली चार पर्याय. निवाड्यामागचं तत्त्व ओळखायचं आणि तेच तत्त्व कोणत्या पर्यायात आहे ते सांगायचं. त्यातली मेख मला लवकरच कळली. उताऱ्यात डॉक्टर असला, तर पुन्हा डॉक्टर असलेला पर्याय बहुधा फसवा. खरा जोडीदार कपडे बदलून भलतीकडंच बसलेला असतो, एखाद्या बैलाच्या नाहीतर भाड्याच्या सायकलीच्या गोष्टीत.

घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आजही सांगताना मान ताठ होते, होऊ दे. बँकेतल्या कारकुनीसाठी अर्ज केला होता, केंद्र नांदेड. आमचं लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या पाट्या. नळ तेवढा जुनाच, आणि तोही कोरडा. दुष्काळात गल्लीत टँकर यायचा, पण कधी येईल त्याचा नेम नव्हता. म्हणून लोक नंबराला घागर ठेवायचे. घागर घरात लागायची, मग तिच्या जागी दगड, वीट, फुटकी चप्पल. कोणता दगड कुणाचा हे सगळ्या गल्लीला तोंडपाठ.

भांडण झालं की निवाड्याला आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील. सरकी-पेंडीचं दुकान, कपाळाला विभूती, आणि एकदा दिलेला शब्द फिरवणं त्यांना जमायचं नाही. एकदा कचेरीतल्या एका साहेबाच्या बायकोनं शेजारच्या म्हातारीचा दगड पायानं सारला आणि तिथं आपली पितळी घागर ठेवली. म्हातारीनं गल्ली डोक्यावर घेतली. अप्पा दुकानातून उठून आले.

"बाई, घागर लई चांगली हाय तुमची. मागं ठेवा."

"दगडाला कसला हो नंबर? म्हातारी तर घरात झोपली होती!"

"झोपू द्या की. मोठी घागर आली म्हणून आधीचा दगड हलत न्हाई."

गल्ली खूश. मी दारात उभी होते. मनातल्या मनात या निवाड्याला उतारा म्हणून जपून ठेवलं.

त्याची गरज लगेच पडली. उदगीरहून निरोप आला. डाळमिलवालं घर, मुलगा शिकलेला, रविवारी मुलगी बघायला येतो. तोच रविवार माझ्या पेपरचा.

"पेपर काय, पुन्हा येईल," अप्पा जेवता जेवता म्हणाले. "असं स्थळ पुन्हा येणार न्हाई."

"मी अर्ज आधी केलाय, अप्पा."

"तुझ्या मावशीची पोरगी गेलती की नांदेडला परीक्षेला. नापास होऊन आली. तसंच हे."

"तसंच कसं? तिच्यातबी नांदेड अन् माझ्यातबी नांदेड, एवढंच सारखं. हा डॉक्टरवाला पर्याय झाला."

"डॉक्टर?" भाकरी थापणारी आई दचकली. "कुणाला काय झालं गं?"

"कुणाला काही न्हाई. अप्पा, त्या बाईंची घागर मागं का ठेवायला लावली?"

"म्हातारीचा दगड आधीचा होता म्हणून."

"पण घागर पितळी होती. साहेबाच्या घरची होती."

"असू दे की. मोठी घागर आली म्हणून..." अप्पा थांबले. घास ताटात ठेवला. माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. "हिला कुणी शिकवलं हे?"

"फी तुम्हीच भरली," आई म्हणाली.

अप्पा हरले असं समजू नका. हात धुऊन आले आणि म्हणाले, "बरं. नंबर तुझा. पण टँकर आल्यावर भांडं भरून न्हाई घेतलं तर नंबर जातो, हेबी मीच ठरवलंय. पास झालीस तर झालीस. न्हाईतर पुढचा नंबर उदगीरचा, अन् मग तोंड वाकडं करायचं न्हाई."

तत्त्व अचूक जुळत होतं. मी कबूल झाले.

शनिवारी अप्पा स्वतः मला घेऊन निघाले. एसटीच्या खिडकीतून त्यांनी रुमाल टाकला. आत जाऊन बघतो तर रुमालावर एक पैलवान बसलेला. "रुमालाला कसली आलीय जागा?" तो म्हणाला. अप्पा त्याच्याकडं बघायचं सोडून माझ्याकडं वळले. "बघ, इथंबी तेच हाय!" नांदेड येईपर्यंत ते असले जोडीदार शोधत होते, आणि बरेचसे बरोबर शोधत होते.

उदगीरला त्यांनी कळवलं होतं: आधीचा दगड आहे, तुमची घागर मागं ठेवावी लागेल. मुलाचा काका भडकला, असं मध्यस्थानं येऊन सांगितलं. मुलगा मात्र हसला म्हणे. टँकर त्यांच्याकडंही येत होताच. म्हणाला, "मग आमचा दगड राहू द्या मागं."

मी पास झाले. नेमणूक मुदखेडला मिळाली. पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा अप्पांना विचारलं, "माझी घागर तर भरली. तो मागचा दगड हाय का अजून?"

"कोणता दगड?" अप्पांनी विचारलं, आणि मिशीत हसले.

दगड होता, जागचा हलला नव्हता. लग्नाला आता कैक वर्षं झाली; आत्ताच त्यानं आतल्या खोलीतून चहासाठी हाक मारली. मारू दे. मी लिहायला आधी बसलेय.