'पण' नसलेली पाटी

पाटी बिघडवली ती भाच्याने. तो भाचा म्हणजे ही हकीकत लिहिणाराच, त्यामुळे त्याच्या बाजूने इथे फारसं काही ऐकायला मिळणार नाही.

आत्याचं दुकान पितळी पाट्या कोरायचं. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलावं, एवढी ऐसपैस जागा. वडिलांच्या मागे एकतीस वर्षं ती तिथे बसते. समोर ऐरण, डावीकडे कोरण्यांचा डबा, उजवीकडे हातोडी. एवढ्या वर्षांत एकही पाटी परत आलेली नाही, हे ती स्वतः सांगत नाही; पण दुसरा कुणी सांगायला लागला तर त्याला थांबवतही नाही.

त्या दिवशीचं काम इस्पितळाचं होतं. मोठ्या सिस्टर चार वाजता निवृत्त होणार होत्या आणि त्यांना द्यायच्या पाटीचा मजकूर वॉर्डातल्या लोकांनी चिठ्ठीवर लिहून पाठवला होता : 'विदाऊट डाऊट द फायनेस्ट नर्स वी हॅव नोन'. आम्ही पाहिलेली सगळ्यात उत्तम नर्स, निःसंशय. आत्याच्या वडिलांचं शेवटचं दुखणं याच सिस्टरांनी काढलं होतं. त्यामुळे पट्टी तिने स्वतः निवडली, स्वतः घासली. फक्त आखणी भाच्याकडे दिली, कारण तो इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला, खानदानातला पहिलाच.

मजकूर पट्टीत बसेना. तेव्हा या विद्वानाने 'विदाऊट' काढून 'नो' आखलं. अर्थ तोच, वर पाच अक्षरांची बचत. स्वतःवर खूश होऊन तो चहा प्यायला गेला.

आत्या मधल्या अक्षरापासून दोन्ही कडांकडे कोरत जाते, म्हणजे ओळ एका अंगाला कलत नाही. कोरताना तिला अक्षरं दिसतात, शब्द दिसत नाहीत. शेवटचा घाव झाला की फडकं फिरवायचं, पाटी हातभर लांब धरायची आणि मग एकदाच वाचायची. दहाच्या सुमारास तिने वाचलं, आणि पाटी ऐरणीवर उपडी घातली.

"हे 'नो डाऊट' कुठून उगवलं?"

"बसत नव्हतं गं आत्या. दोन्ही एकच. शंका नाही, बस."

"एकच?" तिने चष्मा कपाळावर चढवला. "मोठ्याने वाच बरं. आणि शेवटाला थांबू नकोस."

भाच्याने वाचलं. ओळ संपली तरी जीभ लोंबकळतच राहिली, आणि तिच्यावरून आपसूक घसरलं, "...बट."

"आला ना 'पण'?"

आत्याने कोरण्यांच्या डब्याच्या तळातून एक पिवळं प्रगतिपुस्तक काढलं. सातवीचं, तिचंच. वडिलांचा हात प्लास्टरमध्ये होता त्या वर्षी ती निम्मे दिवस दुकानात बसली होती. शेरा इंग्रजीत होता : 'नो डाऊट इंटेलिजंट, बट इर्रेग्युलर'. हुशार आहे खरी, पण शाळेत येत नाही. त्यातलं 'हुशार' घरात कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. 'पण'च्या पुढचं मात्र सगळ्यांना पाठ झालं आणि शाळा तिथेच सुटली.

"तुझं 'नो डाऊट' म्हणजे नुसती मान हलवणं," ती म्हणाली. "असतील बाई चांगल्या, आम्ही कुठे नाही म्हणतोय. आणि 'विदाऊट डाऊट' म्हणजे टेबलावर हात आपटून सांगणं. ज्याच्या मागून 'पण' येईल अशी धास्ती वाटते, ते पितळेत घालायचं नाही."

"मग उलट्या बाजूला कोरू या?"

"पाठीवर खोट घेऊन पाटी त्यांच्या घरी जायची नाही."

दुकानात त्या मापाची दुसरी पट्टी नव्हती. कोरी पट्टी होती ती शेजारच्या चावीवाल्या भाऊंकडे. स्वतःच्या दुकानाचं नाव घालायला त्यांनी अकरा वर्षांपूर्वी आणलेली. नाव काही ठरत नव्हतं.

"भाऊ, ती पट्टी द्या."

"तिच्यावर माझं नाव यायचंय, बाई."

"कोणतं?"

"ठरतंय."

"ठरेल तेव्हा नवी आणून कोरून देईन."

"बघा हं. कोरी देतोय, कोरलेली घेईन."

ही पट्टी चांगली चार बोटं जास्त लांब निघाली. भाच्याला पुन्हा हुशारी सुचली. "आत्या, 'बाय फार' घालू या का? सगळ्यांच्या कितीतरी वर, असं. छोटं आणि जोरकस."

"आणि बाकीच्या नर्स कितीतरी खाली? त्या तिथेच उभ्या असणार आहेत टाळ्या वाजवायला."

"मग 'अनडाऊटेडली'?"

"तोंडात मावत नाही, ते पितळेत कशाला घालायचं. चिठ्ठीत होतं तेच बरोबर होतं. गप आखायला बस."

पावणेचारला पाटी पुसून झाली, चारला वॉर्डात पोचली. सिस्टरांनी चष्मा शोधला, सापडला नाही, मग अक्षरांवरून बोट फिरवत सावकाश वाचलं. शेवटच्या अक्षरावर बोट थांबलं आणि तिथेच राहिलं. पुढे काही नव्हतं. "कुणी कोरलं?" त्यांनी विचारलं. दाराशी उभ्या असलेल्या आत्याकडे अख्खा वॉर्ड वळला. तिने पदराला लागलेला पितळेचा कीस झटकला. मान मात्र खाली घातली नाही, हे भाच्याने नीट पाहिलं.

बिघडलेली पाटी आता ऐरणीखाली असते. ऐरण डुगडुगायची थांबली. भाच्याच्या पदवीचा दुकानाला झालेला उपयोग तेवढाच.

गेल्या आठवड्यात चावीवाले भाऊ आले. "बाई, ठरलं. नावाच्या आधी ते तुमचं 'विदाऊट डाऊट' घाला. कुठलंही कुलूप उघडून मिळेल, निःसंशय."

"कुठलंही?"

"कुठलंही," भाऊंनी मान खाजवली. "पण..."

आत्याने हातोडी खाली ठेवली. पट्टीचं देणं अजून तसंच आहे.