गफूरमामांनी दोनदा बांधलेली भिंत

फुलंब्रीहून गफूरमामांच्या सुनेचा फोन आला. "ताई, अब्बा गेले. धा दिवस झाले. तुमचा नंबर आज सापडला." मी बागेच्या कामांची यादी करत बसले होते. पेन हातातच राहिलं... त्यांना एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायला मी उद्या-परवा करत राहिले.

गारखेड्यातल्या आमच्या घरामागची बाग उंचावर आहे. तिची माती अडवायला मला भिंत हवी होती. दिसायला जुन्या दगडी बांधकामासारखी, पण ढासळू नये अशी. मामा आयुष्यभर दगडाचं काम केलेले गवंडी. त्यांनी पुढं काळा दगड असा बसवला की सिमेंट कुठं दिसेना, आणि मागं सळ्या घालून काँक्रीट भरलं. प्रत्येक दगडावर हातोडी मारून ते कान लावायचे. आवाज बद्द आला की दगड बाजूला. मी रोजच्या कामाचा कागद पुढं केला की हसायचे, "ताई, दगडाला वाचता येत नाय!" भिंतीच्या तळाशी त्यांनी छिद्रं ठेवली. "आतलं पाणी भायेर निघालं पायजे. नाय तर ते भिंतीला ढकलतं."

त्या छिद्रांतून नव्या फरशीवर मातीचे ओघळ येऊ लागले. मला डाग खपत नाहीत. एका दुपारी मी स्वतः सिमेंट कालवलं आणि सगळी छिद्रं बुजवून टाकली. मामांना विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी भिंत मध्ये फुगली आणि कोसळली. मामांना बोलावलं. शेजारच्या काळेबाई त्यांच्या कुंपणाचं काम मामांना देणार होत्या, त्याही आल्या. "मामा, हेच का तुमचं पक्कं काम?" मामा खाली बसले. बुजलेल्या छिद्रावरून त्यांनी अंगठा फिरवला, माझ्याकडं पाहिलं. मी मान वळवली. "व्हय बाई," ते म्हणाले, "मपल्याच हातून चुकलं."

काळेबाईंनी काम दुसऱ्याला दिलं. मामा आठ दिवस आमची भिंत पुन्हा बांधत होते. मी रोज दोन वेळा चहा नेऊन द्यायचे, आज बोलू म्हणायचे, आणि कप घेऊन परत यायचे. त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही.

सुनेचा फोन ठेवला आणि काळेबाईंकडं गेले. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, मी चार घरी सांगितलं, त्या म्हाताऱ्याला काम देऊ नका म्हणून." म्हणून आज हे चारचौघांत लिहिते आहे. चूक माझी होती. मामांचं काम चोख होतं.

भिंत उभी आहे. पुन्हा बांधताना त्यांनी तेच दगड वापरले. एका दगडाला माझं सिमेंट घट्ट चिकटलेलं होतं. मामांनी तो उचलला, क्षणभर पाहिला, आणि ती बाजू आत मातीकडं करून बसवला. बाहेरून कुणाला कळत नाही. खालून दुसरा थर, डावीकडून चौथा दगड.