आपलेच गेलेत

तितिक्षा हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. सोसण्याचे सामर्थ्य आणि सोसण्याची नुसती सवय बाहेरून सारखीच दिसतात. ज्याची त्यालाही पुष्कळदा वेगळी ओळखता येत नाहीत. शैलाताई आठल्ये यांच्या ठायी दोन्ही होती. त्यांतली एक कुठे संपते, हे त्यांना उमगले हॉलंडमधल्या न्यूनेन गावी, मुलाच्या घरी, ऐन उन्हाळ्यात.

त्यांचे पती हेमचंद्रराव यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली होती. दिवाणखान्यात त्यांच्यासाठी विजेवर वरखाली होणारा पलंग आणला होता. मुलगा सारंग आणि सून प्रांजली कामावर जाताना, ऊन आत येऊ नये म्हणून, खिडक्यांबाहेरची विजेची शटर्स पार खाली सोडून जात. त्या दिवशी पतीचे अंग पुसण्यासाठी शैलाताईंनी पलंग आपल्या कमरेइतका उंच केला. पुसून झाल्यावर, धिरड्यांचे मूग तेवढे फिरवून येते, म्हणून त्या ओट्याशी गेल्या. पुण्याहून आणलेला मिक्सर एकदाच घरघरला आणि सारे घर काळोखले.

"लाइट गेले."

"येतील," हेमचंद्रराव उंचावरून म्हणाले.

भारनियमनात संसार केलेल्या त्या दोघांना यापलीकडे काही सुचण्याचे कारणच नव्हते. लाइट जातात, लाइट येतात. मधल्या काळात माणसाने स्वस्थ बसावे. त्या बसल्या. शटर्स हलेनात, पलंगही खाली येईना. हवा कोंदू लागली. फोन घरातल्या वायफायवर चालणारा, तोही मुका झाला. पुढच्या दाराच्या काचेतून त्यांनी रस्ता न्याहाळला. पण भर दुपारी कोणाकडे दिवा आहे आणि कोणाकडे नाही, हे कसे कळावे? पतीला त्या उंचीवर टाकून शेजाऱ्यांकडे जाण्याचा धीर होईना.

"अगं शैला, मला जायचंय."

"थोडं थांबा. येतील आता."

"मघापासून येतायतच. उडी मारू का?"

"मारा. म्हणजे दुसऱ्या खुब्याचंही उरकेल."

ते हसले नाहीत. लघवीचे भांडे नुकतेच परत करून झाले होते आणि त्याचा त्यांना कोण आनंद झाला होता. "इथे अंथरुणात नको गं मला," ते हळूच म्हणाले.

शैलाताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. भिंत थरथरत होती. पलीकडच्या घरात वॉशिंग मशीन कपडे पिळत होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "सगळीकडचे नाही गेले. आपलेच गेलेत."

सगळ्यांचे गेले असले की कोणाचा दोष नसतो, आणि करण्याजोगेही काही उरत नाही. आजवर त्यांनी त्या दिलाशाचाच आधार घेतला होता. तो आता सुटला.

मीटरच्या कपाटाला हात लावायचा नाही, असे सारंगने बजावून ठेवले होते. त्यांनी हात पदराला कोरडे पुसले आणि कपाट उघडले. आतल्या साऱ्या कळा वर होत्या, एकच खाली. ती वर करताच खट्कन पुन्हा पडली. मग त्या ओट्याकडे परतल्या. मिक्सरखाली मुगाचे पाणी साचले होते. त्यांनी प्लग उपसला, पुन्हा कपाटाशी जाऊन कळ वर केली. या वेळी ती राहिली.

पलंग गुणगुणत खाली आला. हेमचंद्ररावांनी जमिनीवर पाय टेकले, चालण्याचा आधार धरला आणि वेळेत पोहोचले.

"आई, तुला सांगितलं होतं ना?" संध्याकाळी सारंग चिडला. "शॉक बसला असता म्हणजे? कुलूपच घालतो मी त्या कपाटाला."

"घाल. किल्ली माझ्याकडे राहील."

शटर्स मात्र तशीच खाली येत राहिली, आणि पुढचे दोन उन्हाळे शैलाताईंनी त्यांच्याआडच काढले. घराबाहेरचे न्यूनेन त्यांना फारसे दिसले नाही.

गतवर्षी हिवाळ्यात त्या निवर्तल्या. हेमचंद्रराव त्याच घरी असतात, आणि आता आधाराशिवाय चालतात.